डावीकडची जागा

भाऊंच्या डाव्या बाजूनं चालायचं नाही, ही भोरच्या नोकरीत मला मिळालेली पहिली सूचना. ती पाळकसाहेबांनी दिली नाही आणि मिशनच्या नियमांतही कुठं लिहिलेली नव्हती. मी नगरहून नवा आलो होतो. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं नदीकडं निघालो आणि बोलता बोलता मी त्यांच्या डावीकडं गेलो. ते जागच्या जागी उभे राहिले. रागावले वगैरे नाहीत. नुसतं म्हणाले, "मास्तर, हिकडनं या. तितं जागा धरल्याली हाय."

मी वळून पाहिलं. तिथं रस्ता होता, धूळ होती आणि रखरखतं ऊन होतं. माणूस नव्हता. मी मुकाट्यानं उजवीकडं आलो आणि पुढं जितकी वर्षं त्यांच्याबरोबर डोंगर तुडवले तितकी वर्षं उजवीकडंच राहिलो. शेताच्या बांधावरून जाताना ते स्वतः चिखलात उतरायचे आणि डावीकडची कोरडी वाट मोकळी सोडायचे. लांबून बघणाऱ्याला हसू यायचं. बरोबर चालणाऱ्याला येत नसे.

त्यांना आम्ही मंडळीतले लोक भाऊ म्हणायचो. डोंगरातल्या गावांत त्यांना दुसरं नाव होतं, परतलेला. वय चाळिशीचं, पण बघणारा साठ धरायचा. उंच, वाळलेला देह, गुडघ्याखाली आलेलं धोतर आणि वर कुण्या साहेबानं दिलेला काळा कोट. पाठीवर कधी झोपायचे नाहीत. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "उताना येकदा निजलो हुतो. बास झालं."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, म्हणजे आमची जोडी कशी होती ते कळेल. मी तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. जे काही सोसायचं ते आजोबांनी सोसलं, वडिलांनी मिशनच्या शाळेत मास्तरकी केली, आणि माझ्यापर्यंत सगळं आयतं आलं. उपदेशकांच्या शाळेत मी वादात पहिला असायचो. कुणी कसलाही प्रश्न विचारावा, उत्तर तयार. माझ्या आयुष्यात मात्र काही म्हणजे काही घडलेलं नव्हतं. एकदा दौंडला गाडी चुकली होती, तेवढंच. पाळकसाहेबांनी विचार केला असा, की भाऊंनी आपला अनुभव सांगावा आणि मी त्याचा अर्थ सांगावा. कागदावर ही योजना फार चांगली होती.

पहिल्यांदा मी त्यांना काम करताना पाहिलं ते विंझरला. गावात शिरण्याआधी ते पारापाशी थांबले. वहाणा काढल्या, धोतर पोटरीच्या वर घेतलं आणि स्वतःभोवती सावकाश एक फेरा घेतला. दहापाच माणसं जमली होती, त्यांना म्हणाले, "पाय बगून घ्या आदी. टाचा मागंच हायती." भुताचे पाय उलटे असतात हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. मग एका बाईकडं त्यांनी चिमूटभर मीठ मागितलं. तिनं ते लांबूनच दगडावर ठेवलं. भाऊंनी ते उचलून सगळ्यांदेखत जिभेवर ठेवलं आणि गिळलं. भुताला मीठ चालत नाही, त्याच्या नावानं ठेवायचा भात अळणी शिजवतात. एवढं झाल्यावर लोक जरा सैल झाले. काही जण खालीही बसले. तेव्हा भाऊंनी सुरुवात केली.

"मी मेलो हुतो," ते म्हणाले.

मला शाळेत शिकवलं होतं, की सुरुवात देवाच्या प्रीतीपासून करावी.

त्यांची साक्ष मी पुढं इतक्या वेळा ऐकली की झोपेतही म्हणू शकेन. एक शब्द इकडचा तिकडं व्हायचा नाही. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हाची गोष्ट. त्यांचं गाव हिर्डोशीच्या वर, वरंधा घाटाच्या अंगाला. "घरटी मयत हुतं," ते सांगायचे. "जाळाया लाकूड न्हाई, न्यायाला मानसं न्हाईत. आमचा बा सकाळी ग्येला, मी दुपारी ग्येलो. धाकट्या भावानं आन शेजाऱ्यानं दोगांना नदीच्या काठाला नेऊन ठिवलं. सांजच्याला दुसरी मयतं आली, तवा म्हनाले, लाकडं उद्या बगू. मला कायबी कळत न्हवतं. निस्ता अंदार. वास येत हुता. गार लागत हुतं, पर त्ये गार कुनाला लागतंय, त्ये कळत न्हवतं. मंग कुनीतरी माजा डावा हात धरला आन मला म्हनालं..."

इथं ते थांबायचे. तो शब्द ते मोठ्यानं म्हणत नसत. मान डावीकडं झुकवायचे आणि ऐकत राहायचे. ओठ नुसते हलायचे. 'ऊठ.' ऐकणारी सगळी माणसं त्यांच्याबरोबर त्या रिकाम्या जागेकडं बघायची. मीही बघायचो. इतक्या वेळा ऐकून, इतकं शिकून, भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा.

"म्या उठलो," ते पुढं म्हणायचे. "खालच्या अंगाला चालत सुटलो. भोरात मिशनच्या मांडवात येका नर्सबाईनं मला पेज पाजली. येक दिस ती पुस्तकातनं वाचत बसली हुती. बारक्या पोरीचं मयत, घरात रडारड, आन त्यानं आत जाऊन तिचा हात धरून तिला उठीवलं. म्या म्हनालो, बाई, ह्यो मला म्हाईत हाय."

झालं. एवढीच साक्ष. तुम्हीही पश्चात्ताप करा नाही, पापाचं फळ काय ते नाही. उठून कोट झटकायचे. कुणी विचारलं, स्वर्ग कसा असतो, तर म्हणायचे, "म्या बगितला न्हाई." नरक? "त्योबी न्हाई बगितला." मग अर्थ सांगायची माझी पाळी यायची, आणि तोवर लोक आपापल्या म्हशी बांधायला गेलेले असायचे.

वेल्ह्याच्या बाजारात एकदा तिथल्या शाळेचे गुरुजी त्यांना अडवून म्हणाले, "अहो, तुम्हाला ग्लानी आली असेल. साथीत अशी कित्येक माणसं जिवंतपणी स्मशानात गेली." मी पुढं सरसावलो, कारण या मुद्द्यावर माझी चांगली तयारी होती. भाऊंनी मला हातानं मागं केलं. "आसंल गुर्जी," ते म्हणाले. "पर मला हलवलं कुनी?" त्याच वेळी गर्दीतल्या एका बाईच्या कडेवरचं पोर भाऊंच्या डावीकडच्या मोकळ्या जागेकडं बघून हसलं, आणि उचलून घ्या म्हणून हात पुढं करतं तसे त्यानं दोन्ही हात पुढं केले. त्या बाईनं भाजीची पाटी तिथंच टाकली आणि पोराला पदराखाली घेऊन ती धावत सुटली. गुरुजीही गेले. त्या दिवशी आमच्याकडचं शुभवर्तमानाचं एकही पुस्तक कुणी घेतलं नाही.

पाळकसाहेब या साक्षीवर खूश नव्हते. माणूस चांगला होता तो, पण पुण्याहून मोठी माणसं यायची झाली की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. एकदा त्यांनी भाऊंना खोलीत बसवून चहा दिला आणि गोडीगुलाबीनं म्हणाले, "भाऊ, तुमची साक्ष फार मोलाची आहे. पण ऐकणाऱ्याला धीर यायला हवा. तिथं थोडा प्रकाश होता असं नाही का म्हणता येणार?"

"परकास न्हवता, सायेब."

"अगदी थोडासा?"

"न्हवता. वास हुता," भाऊ म्हणाले. "वास सांगतो की मी."

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटलं, या माणसाकडं जे आहे ते त्याला वाढवताही येत नाही आणि कमीही करता येत नाही. माझ्याकडं वाढवण्यासारखंसुद्धा काही नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

वर्षातून एकदा, भाताची कापणी उरकली की, ते आपल्या गावी जायचे. एका वर्षी मी हट्टानं बरोबर गेलो. हिर्डोशीपासून वरची वाट चढणीची. धुकं इतकं उतरलं होतं की पुढं चालणारे भाऊ दिसायचे आणि नाहीसे व्हायचे. इथं त्यांनी ना पाय दाखवले, ना मीठ मागितलं. गावाच्या कडेला एका घरासमोर, खळ्याच्या पलीकडं ते उभे राहिले. घराचं दार उघडं होतं. आत कुणीतरी वावरत होतं. भाऊंनी हाक मारली नाही.

थोड्या वेळानं एक म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात पळसाच्या पानावर भात होता. तो तिनं खळ्याच्या कडेला, आमच्यापासून पाच-सहा पावलांवर ठेवला. भाऊंच्या तोंडाकडं तिनं पाहिलं नाही. मान फिरवून, धुक्याशी बोलावं तशी बोलली, "जेव बाबा, आन जा. तुजं समदं केलंय आमी. पोराबाळांना तरास देऊ नगंस."

एवढं बोलून ती आत गेली आणि दार लागलं.

भाऊ खाली बसले आणि तो भात खाल्ला. एक शीत ठेवलं नाही. मी विचारलं नाही, पण त्यात मीठ नव्हतं हे मला समजलं होतं. ती त्यांची आई होती.

परतताना एका धोंड्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ लाकडं घेऊन नदीवर गेला तेव्हा तिथं दोघांपैकी बाप एकटाच होता. थोरल्याला कोल्ह्यांनी ओढून नेलं असं सगळे समजले. गवताचा पुतळा करून त्यांच्या नावानं जाळला, दहावं झालं, तेरावं झालं. मग थंडीत एक दिवस हे दारात उभे राहिले. डोक्यावरचे केस उतरवलेले, अंगात मिशनचा सदरा. आईला काय आणि किती सांगू असं त्यांना झालं होतं. ते म्हणाले, "आये, मी मेलो हुतो, आन मला येशूनं उठीवलं."

"तिनं म्होरलं ऐकलंच न्हाई मास्तर," भाऊ म्हणाले. "पयलंच तेवडं ऐकलं. त्ये तिला म्हाईतच हुतं."

म्हणजे गंमत बघा. आख्ख्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरात भाऊंच्या साक्षीवर शब्दशः विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं, आणि त्याच माणसानं त्यांना घराबाहेर ठेवलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, मग तिला सांगा ना, की मी मेलोच नव्हतो. ग्लानी आली होती. तुम्हाला आंघोळ घालून, काही विधी करून घरात घेतीलही."

"घेतील की. धाकटा तसं बोलला हुता येकदा. नदीत न्हाऊ घालायचं, पुन्यांदा बारसं करायचं, मंग मानूस जित्याच धरत्यात."

"मग?"

"मंग मला उठीवलं कशातनं?" त्यांनी विचारलं. "मी मेलोच न्हवतो आसं म्हनालो, तर त्यो हात कुनाचा?"

आईनं एकदा तरी तोंडाकडं बघावं, नावानं हाक मारावी, यापलीकडं त्या माणसाला जगात काही नको होतं. त्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं. आणि ते वाक्य बोललं की ज्याच्यावर ते उभे होते तेच पायाखालून जात होतं. आम्ही उतरायला लागलो. धुक्यात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज आला, अगदी सहज, पाऊसपाण्याचं बोलावं तसा.

"मास्तर, तुमी कदी इचार केला का? आयचंच खरं आसलं तर?"

त्यांच्या कोटाची बाही मी धरली आणि हिर्डोशीचा पहिला दिवा दिसेपर्यंत सोडली नाही. त्यांना वाट सापडावी म्हणून धरली असं मी नंतर सांगत असे. बाहीच्या आत हात आहे ना, हे मला बघायचं होतं.

असं बरीच वर्षं चाललं. मधल्या काळात मी लग्न केलं, मला मुलं झाली, दुसरं महायुद्ध सुरू झालं, रॉकेल मिळेनासं झालं. भाऊ होते तसेच होते. तोच कोट, तीच साक्ष. मग एका दिवशी सकाळी त्यांचा धाकटा भाऊ मिशनच्या आवारात येऊन उभा राहिला. रात्रभर चालत आला होता. भाऊंपासून चार हात लांब उभा राहून तो माझ्याशीच बोलला.

"म्हातारीचं काय खरं न्हाई," तो म्हणाला. "दोन दिस झालं, यकसारकी भ्यालीया. अंदाराला भितीया. म्हनती, त्येला बलवा."

"कुणाला?" मी विचारलं.

त्यानं भाऊंकडं बोट केलं नाही, नुसती नजर केली. "मेल्याला बलवा म्हनती. म्हनती, तुमी समदी हितली. तिकडचं तुमाला काय ठावं? त्यो जाऊन आलाय."

आम्ही लगेच निघालो. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता तरी त्यांना म्हणावं, मेलो नव्हतो म्हणून सांगा. म्हातारीला शांतपणे जाऊ द्या." वाटेत मी ते भाऊंना सांगितलं. "बगू," एवढंच ते म्हणाले.

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं, पण घरात दिवा लावावा लागेल इतका अंधार होता. इतक्या वर्षांत भाऊ पहिल्यांदा तो उंबरा ओलांडत होते. बायका भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. म्हातारी घोंगडीवर पडलेली, वाळून पोरीएवढी झालेली. भाऊ तिच्या उजवीकडं, जमिनीवर बसले. तिनं मान वळवली आणि त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आलास?" ती म्हणाली.

"आलो, आये."

"तिकडं लई अंदार हाय का रं?"

मी मनात म्हटलं, आता सांगा. प्रकाश होता म्हणा. मेलोच नव्हतो म्हणा. काहीही म्हणा.

"हाय," भाऊ म्हणाले. "अंदार हाय. गार लागतं."

भिंतीशी उभी असलेली सून हुंदका देऊन रडायला लागली. म्हातारी मात्र रडली नाही. इतके दिवस सगळे तिला काही होत नाही, काही होत नाही म्हणत होते. तिला खरं सांगणारं माणूस भेटलं होतं. "मंग?" तिनं विचारलं. "तितं कोन आसतं? तुजा बा भेटला का तुला?"

मला वाटलं, आता नेहमीची साक्ष सुरू होणार. पण ते जे बोलले ते मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि मला खात्री आहे, त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आये, बा माज्या डावीकडंच निजवला हुता. मला जाग आली तवा माजा डावा हात धरल्याला हुता. म्या चाचपून बगितलं. हात बाचाच हुता. त्येचं त्ये तुटलेलं नख लागलं मला. पर ऊठ म्हनालं त्यो आवाज बाचा न्हवता. आसला आवाज म्या जल्मात ऐकला न्हाई. म्या हात सोडवून घेतला आन निगालो. वळून बगितलं न्हाई. बा जित्ता आसंल, त्येनंच मला धरलं आसंल, आन म्या त्येला टाकून आलो. येवडी वर्सं मी लोकांस्नी देवाचा हात म्हनून सांगतो, आन वाटंला डावीकडं बासाटी जागा सोडतो."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

म्हातारीनं हात उचलला आणि त्यांच्या तोंडावरून फिरवला. "येडा हायस," ती म्हणाली. आवाज एकदम घरातल्या मोठ्या माणसाचा झाला, इतका की मी दचकलो. "तुजा बा सकाळीच ग्येला हुता. म्या त्येचं डोळं मिटलं, म्या त्येच्या तोंडात पानी घातलं, त्ये बाहीर आलं. मला ठावं न्हाई व्हय? मेल्याली बोटं आपनहून वळत न्हाईत."

भाऊ तिच्याकडं बघत राहिले.

"हात तुज्या बाचा," ती सावकाश म्हणाली. "जोर दुसऱ्याचा. दोगं हुते."

मग ती पुन्हा एकदा म्हणाली, "दोगं हुते," आणि डोळे मिटून घेतले. तिची भीती गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. कपाळावरची शीर खाली बसली. थोड्या वेळानं डोळे न उघडताच तिनं विचारलं, "तू आता परत तिकडंच जानार न्हवं? मला संगं घिऊन चल."

तिच्या लेखी ते अजूनही मेलेलेच होते. मी भाऊंकडं पाहिलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते मागायची हीच वेळ होती. त्यांनी ते मागितलं नाही. "येतो आये," ते म्हणाले. "जितवर येता येतंय, तितवर येतो."

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आल्यावर ती गेली. भाऊंच्या हातात तिचा हात होता. साक्षीत बापाचा हातही सांगायला त्यांनी त्यानंतर सुरुवात केली, आणि पाळकसाहेबांची पंचाईत आणखी वाढली, पण ते राहू दे.

तिरडी बांधून झाली आणि खांदा द्यायची वेळ आली तेव्हा गावातले दोन म्हातारे पुढं आले. एकाचं म्हणणं, यानं धर्म सोडलाय, याला हात लावू द्यायचा नाही. दुसऱ्याचं म्हणणं निराळंच होतं आणि ते तो भाऊंकडं न बघता खालच्या आवाजात सांगत होता. मेल्यानं मेल्याला कसा खांदा द्यायचा? भाऊ खळ्याच्या कडेला, पानावर भात मिळायचा तिथं जाऊन उभे राहिले होते. त्यांना दोन्ही ऐकू गेलं असावं. ते कुणाशी भांडले नाहीत.

धाकटा भाऊ मडकं हातात घेऊन उभा होता. त्यानं ते खाली ठेवलं. तो खळं ओलांडून भाऊंपाशी गेला आणि त्यानं त्यांच्या दंडाला धरलं. साथीच्या सालानंतर त्यांना शिवलेला तो घरातला दुसरा माणूस.

"दादा," तो म्हणाला, "म्होरं हो. थोरल्यानं खांदा द्याचा आस्तो." मग गावाकडं वळून तो ओरडला, "मेल्याला भार पेलत न्हाई ना? मंग घिऊ द्या त्येला! मानूस नसला तर तिरडी खाली पडंल. आपन बगू की समदी!"

म्हातारे बाजूला झाले. भाऊंनी कोट काढून माझ्याकडं दिला आणि पुढचा बांबू खांद्यावर घेतला. गुडघे जरा वाकले, पुन्हा सरळ झाले. तिरडी निघाली. घरापासून नदीपर्यंत उताराची वाट आहे, आणि रिवाजाप्रमाणे मधे खांदेकरी बदलतात. बाकीचे तिघे बदलले. भाऊंनी खांदा सोडला नाही, आणि कुणी तो मागितलाही नाही. गाव मागून चालत होतं आणि गावाची नजर तिरडीवर नव्हती, त्यांच्या पावलांवर होती. माझीही होती. साथीच्या वर्षी त्यांना ठेवलं होतं त्याच काठावर आम्ही पोचलो, आणि त्यांनी आईला हलक्या हातानं खाली उतरवलं. अग्नी धाकट्यानं दिला.

चिता पेटल्यावर मी कोट घेऊन त्यांच्यापाशी गेलो. ते काठावरच्या दगडावर बसले होते. ओक्साबोक्शी रडत होते आणि मधेच हसत होते. मी घाबरलो.

"मास्तर," ते म्हणाले, "जड हुती वो. येवडीशी म्हातारी, पर लई जड लागली."

त्यांनी सदऱ्याची गुंडी सोडून खांदा उघडा केला. बांबूचा लालभडक वळ उठला होता आणि एका जागी कातडी सोलवटून रक्त आलं होतं. मी रुमाल पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. बोटानं ते रक्त टिपलं, उन्हात धरून नीट बघितलं, आणि मग ते बोट घेऊन धाकट्या भावाला दाखवायला गेले.